ठिगळ आणि रफू : दोन हातांनी केलेले काम एक कसे करावे?

आपल्या समाजातील छोटा व्यापारी आणि कारागीर आता रोखीबरोबर फोनवरूनही पैसे घेतो. गल्ल्याजवळ क्यूआर कोडची पाटी असते, गिऱ्हाईक फोन पुढे धरते आणि पैसे जमा झाल्याची सूचना येते. हा व्यवहार ज्या अँड्रॉइड फोनवरून होतो त्याच्या पोटात लिनक्स नावाची आज्ञावली काम करीत असते. फोनमधून संदेश बाहेर पाठविणे आणि आलेला संदेश आत घेणे हे तिच्या नेटवर्क विभागाचे काम. बँकांचे, बाजारपेठांचे आणि मोठमोठ्या कंपन्यांचे असंख्य संगणकही याच आज्ञावलीवर चालतात.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण हा विभाग कोणा एका कंपनीने बनविलेला नाही. निरनिराळ्या देशांत बसलेल्या हजारो माणसांनी त्यात बदल केले आहेत आणि आजही करीत आहेत. त्यांतील पुष्कळजण परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे नोकर आहेत. एकाच आठवड्यात एकाच फाईलमध्ये दोघे-तिघे हात घालतात. तरीही शेवटी माल एकच तयार होतो आणि तो चालतो.

एकच वस्तू दोघांनी आपापल्या जागी सुधारली, तर दोन्ही सुधारणा एका वस्तूत आणायच्या कशा? हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. भावाभावांच्या दुकानात, भागीदारीच्या कारखान्यात, दोन शाखांच्या धंद्यात तो रोज उभा राहतो. बहुतेक ठिकाणी तो तोंडी सुटतो किंवा सुटतच नाही, आणि मग हिशेबाची कटकट मनापर्यंत पोहोचते. लिनक्सच्या मंडळींनी तीस वर्षांहून अधिक काळ या एका प्रश्नाशी झुंज घेतली आहे. त्यांनी काय गमावले आणि काय शिकले, ते आम्ही येथे धड्याच्या रूपाने मांडीत आहोत.

खुला माल म्हणजे काय?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्डस् याने १९९१ साली लिनक्सचे काम सुरू केले. १९९२ मध्ये त्याने ती जी.पी.एल. नावाच्या परवान्याखाली आणली. या परवान्याची अट साधी आहे. आज्ञावली कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी आणि विकावीसुद्धा. मात्र बदललेला माल दुसऱ्याला देताना त्याची मूळ लिखित प्रतही त्याला द्यावी, लपवू नये. अशा आज्ञावलीला 'ओपन सोर्स' म्हणतात.

या व्यवस्थेत ज्याला जे उणे दिसते ते तो स्वतः दुरुस्त करतो आणि तेवढाच बदल मूळ मालकाकडे पाठवितो. अशा सुट्या बदलाला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आपल्या शिंप्यांना आणि रफूगारांना ठिगळ आणि रफू यांतला फरक सांगायला नको. ठिगळ वरून बसते, वेगळे दिसते आणि धुण्यात उसवते. रफू करणारा मूळ कापडाचा ताणा-बाणा पाहतो, त्याच वळणाचा धागा घेतो आणि जोड अंगात मिसळून टाकतो. पुढील सर्व हकिकत ठिगळाचे रफू कसे करावे याचीच आहे.

१९९२ ते १९९४ : एक काम, तीन हात

लिनक्समध्ये नेटवर्कचा पहिला भाग १९९२ मध्ये रॉस बिरो यांनी लिहिला. तो घाईचा आणि कच्चा होता, पण चालू लागला. लोकांनी तो वापरला आणि तक्रारींचा पाऊस पाडला. बिरो कंटाळून बाजूला झाले.

मग नेदरलँडचे फ्रेड व्हॅन केम्पेन यांनी काम हाती घेतले. त्यांच्या आवृत्तीचे नाव 'नेट-२'. केम्पेन यांची दृष्टी मोठी होती. इंटरनेटच्या रीतीखेरीज इतर रीतीही बसाव्यात, थरावर थर नीट रचले जावेत, असा पक्का आराखडा त्यांच्या मनात होता. पाया खणून नवे घर बांधावे तसे ते काम होते. परंतु घर बांधून होईपर्यंत लोकांना राहायला जागा हवी होती. आराखडा चांगला असला तरी चालता माल हाती येण्यास उशीर होऊ लागला आणि वापरणाऱ्यांचा धीर सुटला.

त्याच वेळी वेल्समधील स्वान्सी येथे ॲलन कॉक्स हा तरुण हीच आज्ञावली चालवीत होता. त्याच्याकडे ती वारंवार बंद पडे. त्याने नवा आराखडा काढला नाही. केम्पेन यांचीच प्रत घेतली आणि दिसेल तो दोष दुरुस्त करण्यास आरंभ केला. त्याच्या प्रतीला 'नेट-२ डीबग्ड', म्हणजे दोष काढलेली नेट-२, असे नाव पडले. आधी चालते करू, मग चांगले करू, अशी त्याची रीत होती.

आता दोन प्रती झाल्या. एका बाजूला मूळ कर्त्याची, मोठ्या आराखड्याची. दुसऱ्या बाजूला दुरुस्त्या केलेली, चालणारी. दोन्हींचे मूळ एक, परंतु दिवसागणिक अंतर वाढू लागले. दोष दुरुस्त करणाऱ्या तिसऱ्या माणसाने आपला पॅच कोणत्या प्रतीवर बेतावा? एकावर बेतला तर दुसऱ्यावर बसेना. बाजारात एकाच मालाची दोन मापे असली की गिऱ्हाईक दोन्हीकडे साशंक होते, तसे झाले.

अखेर लिनसला निवाडा करावा लागला. त्याने कॉक्सची प्रत स्वीकारली. मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० ही पहिली पक्की आवृत्ती निघाली, तिच्यात हाच नेटवर्क विभाग होता. पुढे त्यातूनच 'नेट-३' तयार झाली.

येथे कोणी खलनायक नव्हता, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. केम्पेन कष्टाळू होते आणि कॉक्सही. दोघांचाही हेतू चांगला होता. नुकसान झाले ते दोघांनी वेगवेगळे काम केल्याने नव्हे. दोन कामांची भेट उशिरा झाल्याने. दर आठवड्याला दोन्ही प्रती समोरासमोर आल्या असत्या, तर एकाची दृष्टी आणि दुसऱ्याची चिकाटी एका मालात आली असती.

तरीही एक गोष्ट या मंडळींनी नेकीने पाळली. आजही लिनक्सच्या नेटवर्क विभागातील जुन्या फाईली उघडल्या तर माथ्यावर कर्ते म्हणून रॉस बिरो आणि फ्रेड व्हॅन केम्पेन ही नावे आढळतात. खाली ॲलन कॉक्स याने कोणकोणते दोष काढले याची यादी आहे. प्रत एकाची घेतली, पण हक्क कोणाचा मारला नाही.

दोन प्रती जोडण्यास तिसरी प्रत लागते

आता प्रत्यक्ष धडा. दोन बदललेल्या प्रती जोडण्याची जी रीत आज जगभर चालते ती एका दरपत्रकावरून समजून घेऊ.

समजा, दोन भावांचे कापडाचे दुकान आहे. जानेवारीत दोघांनी मिळून दरपत्रक केले : लुंगी १८० रुपये, टॉवेल ९०, चादर ४००. दोघांनी एकेक प्रत घेतली. थोरल्याने आपल्या प्रतीत टॉवेल १०० केला. धाकट्याने आपल्या प्रतीत चादर ३८० केली आणि खाली नवी ओळ घातली : रुमाल ३०.

मार्चमध्ये दोन्ही प्रती मुनीमासमोर आल्या. टॉवेल एकीकडे १००, दुसरीकडे ९०. खरा कोणता? केवळ या दोन प्रती पाहून उत्तर मिळत नाही. थोरल्याने वाढविला असेल किंवा धाकट्याने कमी केला असेल. मुनीम अंदाज करील, आणि अंदाज चुकला तर एका भावाचे काम पुसले जाईल.

परंतु जानेवारीची मूळ प्रत मुनीमाने जपून ठेवली असेल तर गुंता राहत नाही. मूळ प्रतीत टॉवेल ९०. म्हणजे धाकट्याने त्याला हात लावलेला नाही, बदल थोरल्याचा. म्हणून १०० घ्यावा. चादर मूळ ४००, थोरल्याकडेही ४००, धाकट्याकडे ३८०. म्हणून ३८० घ्यावा. रुमाल मूळ प्रतीत नाही, धाकट्याने जोडला, तो घ्यावा. लुंगीला कोणीच हात लावला नाही. ती १८० राहील. दोन्ही भावांचे काम एका कागदावर आले आणि कोणालाही विचारावे लागले नाही.

एकच प्रसंग असा येतो की मुनीमाने थांबलेच पाहिजे. लुंगी मूळ १८०. थोरल्याने १९० केली आणि धाकट्याने १७५. आता मूळ प्रत पाहूनही निवाडा होत नाही, कारण दोघांनीही बदल केला आहे. येथे मुनीमाने मधला आकडा काढू नये. दोघांना बोलवावे आणि कारण विचारावे. थोरला म्हणेल, सूत महागले. धाकटा म्हणेल, शेजारचा दुकानदार १७५ ला देतो. मग मशवरा करून काय ठरेल ते लिहावे.

संगणकवाले याला तिहेरी जोड म्हणतात : माझी प्रत, तुझी प्रत आणि दोघांची मूळ प्रत. यंत्र जेवढे निर्विवाद आहे तेवढे स्वतः जोडते. जेथे दोघांनी एकाच ओळीला हात लावला तेथे ते खुणा करून थांबते आणि माणसाला विचारते. पुष्कळांना वाटते की यंत्र थांबले म्हणजे बिघाड झाला. वस्तुतः न थांबता एक बाजू गुपचूप पुसून टाकणारे यंत्र अधिक धोक्याचे असते.

१९९८ चा तंटा आणि गिटचा जन्म

१९९४ नंतर काम वाढत गेले. नेटवर्क विभागाची सूत्रे पुढे डेव्हिड मिलर यांच्याकडे आली. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या 'व्हीगर' नावाच्या संगणकावर मिलर आणि त्यांचे सहकारी नेटवर्कची एक सामाईक प्रत चालवीत. लिनसची मूळ प्रत वेगळी. सर्व पॅच शेवटी लिनस एकटा हाताने तपासून बसवीत असे. पॅच इतके येऊ लागले की काही त्याच्या हातून गळू लागले. पाठविणाऱ्याला कळत नसे की पॅच नाकारला, हरवला की अजून वाचायचा आहे. व्हीगरची प्रत आणि लिनसची प्रत यांत पुन्हा तेच जुने अंतर पडू लागले.

१९९८ च्या सप्टेंबरअखेरीस याचा भडका उडाला. कडक शब्द झाले. प्रश्न कोणाच्या नियतीचा नव्हता. एका माणसाच्या दोन हातांतून किती माल जाऊ शकतो याला मर्यादा असते, आणि ती ओलांडली गेली होती. त्या तंट्यातूनच लॅरी मॅकव्हॉय यांनी 'बिटकीपर' नावाच्या साधनाची कल्पना पुढे आणली. २००२ पासून लिनस ते वापरू लागला. परंतु ते खुले साधन नव्हते, मालकीचे होते. २००५ मध्ये त्याचा विनामूल्य वापर बंद झाला आणि लिनक्सची मंडळी एकाएकी साधनाविना राहिली. धंद्याचे मुख्य हत्यार दुसऱ्याच्या मर्जीवर असले म्हणजे काय होते, याचा हा धडा कोणत्याही कारागिराला समजेल.

त्या एप्रिलमध्ये लिनसने स्वतःच 'गिट' हे साधन लिहिण्यास घेतले. थोड्याच दिवसांत ते कामाला लागले, आणि जुलै २००५ मध्ये त्याची देखभाल त्याने जुनिओ हामानो यांच्याकडे सोपविली. गिटमध्ये प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासासह पूर्ण प्रत असते. कोणती ओळ कोणी, कधी आणि काय कारण देऊन बदलली हे त्यात नोंदलेले असते. त्यामुळे दोन प्रतींची मूळ प्रत शोधण्यासाठी कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही. आज जगातील आज्ञावली लिहिणारे बहुसंख्य लोक हेच साधन वापरतात, आणि ते विनामूल्य आहे.

आजची व्यवस्था : दुरुस्तीचे खाते वेगळे, नव्याचे वेगळे

साधन चांगले आले तरी शिस्त माणसांनाच लावावी लागते. नेटवर्क विभागाने आपल्या कामाची दोन खाती केली आहेत. पहिल्याचे नाव 'नेट' : बाजारात निघू घातलेल्या आवृत्तीतील दोषांची दुरुस्ती. दुसऱ्याचे नाव 'नेट-नेक्स्ट' : पुढील आवृत्तीसाठीचे नवे काम. पॅच पाठविणाऱ्याने तो कोणत्या खात्याचा आहे हे वरच लिहावे लागते. दुरुस्ती असेल तर मूळ दोष कोणत्या बदलातून शिरला तेही नमूद करावे लागते.

लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. आवृत्ती निघाली की दोन आठवडे नवे काम आत घेण्याची खिडकी उघडते. त्या काळात नेट-नेक्स्टमध्ये साठलेला माल लिनसकडे जातो आणि नेट-नेक्स्टचा दरवाजा नव्या पॅचसाठी बंद राहतो. खिडकी मिटली की उरलेल्या आठवड्यांत फक्त दुरुस्त्या.

आता कळीची गोष्ट. दुरुस्तीचे खाते साधारणतः दर आठवड्याला लिनसकडे पाठविले जाते, आणि त्याच सुमारास ते नव्या कामाच्या खात्यातही मिसळून घेतले जाते. म्हणजे दोन्ही प्रती एकमेकींपासून फार तर आठवडाभराच्या अंतरावर राहतात. कोठे टक्कर झाली तर ती लहान असते आणि कारण ताजे असते. ज्याने ओळ बदलली त्याला कालचे आठवते; सहा महिन्यांपूर्वीचे आठवत नाही. डेव्हिड मिलर यांच्याबरोबर याकुब किचिन्स्की, पाओलो अबेनी, एरिक दुमाझे ही मंडळी या विभागाची विश्वस्त म्हणून नोंदलेली आहेत.

पाठविणाऱ्यांसाठीही नियम आहेत. एका गठ्ठ्यात पंधराहून अधिक पॅच पाठवू नयेत, कारण मोठा गठ्ठा कोणी मन लावून तपासत नाही. एकदा पाठविल्यावर सुधारलेली प्रत चोवीस तासांच्या आत पुन्हा पाठवू नये, म्हणजे इतरांना मत देण्यास अवधी मिळतो. प्रत्येक पॅचखाली पाठविणाऱ्याची सही हवी. २००३ मध्ये लिनक्समधील मालकी हक्कावरून एक मोठा खटला उभा राहिला होता. त्यानंतर २००४ पासून ही सहीची रीत आली. हा माल देण्याचा मला हक्क आहे, याची ती ग्वाही असते. तपासणाऱ्याचे नावही खाली नोंदले जाते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. लिहिणे आणि साक्ष यांनी संशय दूर होतो, हे तत्त्व या मंडळींनाही अनुभवाने पटले आहे.

ओळी जुळल्या, अर्थ जुळला नाही

सर्वांत घातक चूक यंत्राला दिसत नाही. पुन्हा त्या दुकानाकडे जाऊ. थोरल्याने ठरविले की यापुढे दर नगावर नव्हे, डझनावर लिहायचे. त्याने लुंगी, टॉवेल, चादर यांचे आकडे बारापट केले आणि माथ्यावर 'दर डझनी' असे लिहिले. धाकट्याला हे ठाऊक नाही. त्याने आपल्या प्रतीत खाली लिहिले : रुमाल ३०. दोघांनी एकाच ओळीला हात लावलेला नाही, म्हणून जोड विनातक्रार झाली. परंतु आता माथा सांगतो की दर डझनाचा आहे, आणि रुमाल ३० रुपये डझन झाला. जो डझन ३६० ला जायचा तो ३० ला गेला. प्रत्येक डझनामागे ३३० रुपये बुडाले, आणि कागदावर एकही चूक दिसत नाही.

नेटवर्क विभागात हेच घडू शकते. कार्डावर आलेली पॅकेटे एका खेपेत जास्तीत जास्त किती उचलावीत, हा आकडा पूर्वी प्रत्येक कार्डाच्या आज्ञावलीला नोंदणी करताना द्यावा लागे. बहुतेकजण सवयीने ६४ लिहीत. २०२२ मध्ये ठरले की नेहमीच्या नोंदणीत हा आकडा मागायचाच नाही. त्याप्रमाणे सर्व जुन्या कार्डांच्या आज्ञावल्या बदलल्या. परंतु असा बदल होत असतानाच दुसरा कोणी नव्या कार्डाची आज्ञावली जुन्या रीतीने, आकडा देऊन, लिहीत असला तर? दोन्ही कामे वेगवेगळ्या फाईलींत. जोडताना टक्कर नाही. पण जोडलेला माल बांधायला घेतला की बांधणी मोडते.

मोडली तर बरेच म्हणावे, कारण ती लगेच दिसते. दिसेल अशी तजवीज मात्र करावी लागते. ऑस्ट्रेलियाचे स्टीफन रॉथवेल यांनी २००८ मध्ये 'लिनक्स-नेक्स्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. निरनिराळ्या विभागांत पुढील आवृत्तीसाठी जे तयार होत आहे ते सर्व कामाच्या दिवसांत रोजच्या रोज एकत्र जोडायचे, बांधून पाहायचे आणि मोडले तर त्या त्या विभागाला कळवायचे. हा माल विक्रीचा नव्हे. लग्नाचा शेरवानी-जोड पक्का शिवण्याआधी कच्चे टाके घालून अंगावर पाहतात, तसा हा प्रयोग. टक्कर कोठे होणार हे लग्नाच्या दिवशी नव्हे, आधी कळते.

जोडीसाठी काही सोडावे लागते

शेवटचे उदाहरण वायरगार्डचे. इंटरनेटवरून दोन ठिकाणांमध्ये गुप्त मार्ग तयार करणारी ही आज्ञावली जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिली. ती अवघी सुमारे चार हजार ओळींची, नेटकी आणि वेगवान होती. २०१८ मध्ये त्यांनी ती लिनक्समध्ये घेण्यासाठी मांडली. लिनसनेही तिची तारीफ केली. तरी ती अडली. कारण डोनेनफेल्ड यांनी तिच्याबरोबर गुप्तलेखनाचा स्वतःचा वेगळा संच आणला होता. त्याचे नाव 'झिंक'. लिनक्समध्ये गुप्तलेखनाचा एक विभाग आधीपासून होता. तो सांभाळणारे म्हणाले, एका घरात दोन स्वयंपाकघरे कशाला? डोनेनफेल्ड यांचे म्हणणे, जुने स्वयंपाकघर गैरसोयीचे आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

वर्षाहून अधिक काळ असा गेला. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये डोनेनफेल्ड यांनी आपला हट्ट सोडला आणि वायरगार्ड असलेल्या विभागावर बेतण्याचे मान्य केले. त्यांनी एक पाऊल मागे घेतल्यावर दुसरी बाजू दोन पावले पुढे आली. जुन्या विभागातच साध्या, थेट वापराची सोय करून देण्यात आली आणि झिंकमधील चांगला भाग टप्प्याटप्प्याने आत घेतला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये डेव्हिड मिलर यांनी वायरगार्ड नेट-नेक्स्टमध्ये घेतले. मार्च २०२० अखेर निघालेल्या लिनक्स ५.६ मधून ते जगभर पोहोचले. २०१८ मध्ये जो माल ठिगळ म्हणून परत गेला, तोच २०१९ मध्ये रफू होऊन कापडात मिसळला.

आपण काय घ्यावे?

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी या साऱ्याचा अर्थ आम्ही पुढीलप्रमाणे लावतो.

पहिली गोष्ट, मूळ प्रत जपावी. शिरकतीचा करार असो, दरपत्रक असो की डिझाईनचा कागद, ज्या दिवशी दोघांनी मिळून ठरविले त्या दिवसाची तारखेसह एक प्रत अशी असावी की जिला कोणी हात लावणार नाही. तंटा झाल्यावर तीच खरा साक्षीदार ठरते.

दुसरी गोष्ट, भेट ठरलेल्या दिवशी व्हावी. हिशेब बिघडल्यावर बसण्यापेक्षा दर आठवड्याला, काही बिघडले नसतानाही, दोन्ही वह्या समोरासमोर ठेवाव्यात. आठवड्याचा फरक चहा संपेपर्यंत मिटतो. वर्षाचा फरक मिटवायला पंच लागतात.

तिसरी गोष्ट, चालू मालाची दुरुस्ती आणि नवा धंदा यांची खाती वेगळी ठेवावीत. दोन्ही एकत्र केली की नव्याच्या नादात जुन्या गिऱ्हाइकाची तक्रार पडून राहते.

चौथी गोष्ट, जोडणारा माणूस अमीन असावा. तो सर्वांत हुशार असलाच पाहिजे असे नाही. त्याने कोणाचे काम गुपचूप पुसू नये, निवाडा केला तर कारण लिहावे आणि ज्याचा प्रस्ताव नाकारला त्याचे श्रेय नाकारू नये.

पाचवी गोष्ट, माप किंवा रीत बदलताना सर्वांना आधी कळवावे. आकडा बदलला तर दिसतो. आकड्याचा अर्थ बदलला तर तो नुकसान झाल्यावरच दिसतो.

आमच्या तरुणांसाठी आणखी एक शब्द. गिट आणि लिनक्स दोन्ही शिकण्यास पैसे लागत नाहीत. खुल्या प्रकल्पात पॅच पाठविताना कोणी पदवी वा बिरादरी विचारीत नाही. काम पाहिले जाते. मात्र केम्पेन यांचा अनुभव ध्यानात ठेवून मोठा आराखडा घेऊन जाऊ नये. एखादी लहान चूक शोधावी, ती नीट दुरुस्त करावी, कारण स्वच्छ लिहावे, आणि तपासणाऱ्याने परत पाठविल्यास राग न धरता सुधारून पुन्हा द्यावी. ज्या हाताला रफूचा धीर आहे त्याला हे काम परके वाटणार नाही.

अल्लाह आपल्या भागीदाऱ्यांत सचोटी आणि रोजीत बरकत देवो.